बिशप शेरेशेव्स्की: राजीनाम्यानंतर काय?

पानउलट्या: शांघायच्या सेंट जॉन्स कॉलेजबद्दल वाचत होतो. १८७९ साली ते काढणाऱ्या बिशप शेरेशेव्स्कीने चारच वर्षांत पद सोडलं. चर्च अमेरिकेतलं एपिस्कोपल, नेमणूक चीनमध्ये आणि आडनाव हे असं! भानगड काय? कुणाशी वाजलं होतं का?

जुनीपोथी: वाजलं वगैरे काही नाही. माणूस मूळचा लिथुआनियातला ज्यू, जन्म १८३१. शिकत होता राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू व्हायला. अमेरिकेत जाऊन ख्रिस्ती झाला आणि १८५९ साली चीनला निघाला. बीजिंगमध्ये बसून त्याने बायबलचा जुना करार थेट हिब्रूवरून मँडरिनमध्ये, म्हणजे बोली चिनीत आणला. बिशपपद १८७५ मध्येच देऊ केलं होतं, तेव्हा नको म्हणाला. १८७७ मध्ये घेतलं. १८८१ च्या उन्हाळ्यात वूचांगला असताना झटका आला आणि अंग लुळं पडलं. राजीनामा त्यामुळे, १८८३ मध्ये.

टंकनताई: खरी गोष्ट तर पुढेच आहे! हा माणूस खुर्चीला खिळल्यावर पुन्हा भाषांतरालाच बसला. या वेळी सोप्या वेनलीत, म्हणजे अभिजात चिनीच, पण जरा सुटसुटीत. लेखणी धरता येईना, म्हणून टाइपरायटर. त्यावर चिनी अक्षरं कुठली? रोमन लिपीत चिनी उच्चार बडवायचे, तेही एका बोटाने, आणि मग चिनी लेखनिकांनी त्यावरून अक्षरं उतरवायची.

माझा जन्म टायपिंगमध्ये गेला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा दीड महिना डाव्या तर्जनीने काम रेटलं. पानभर मजकुराला तास लागायचा, आणि संध्याकाळी दुखायचं ते बोट नव्हे, मान! या गृहस्थाने असं वर्षानुवर्षं केलं. बायबल छापून आलं १९०२ मध्ये. १९०६ साली तोक्योत वारला.

पानउलट्या: थांबा, रोमन लिपीत? चिनीत एकाच उच्चाराचे ढीगभर शब्द असतात ना? लेखनिकाला कळायचं कसं?

जुनीपोथी: मार्मिक प्रश्न. बोली मँडरिनमध्ये जोडशब्दांमुळे थोडं तरी निभावतं, वेनलीत एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द. संदर्भ लावूनच उतरवायचं.

टंकनताई: म्हणजे नुसता नकलनवीस कामाचा नाही, पंडितच हवा. आमच्या साहेबांचं अक्षर लावताना मलाही तेच वाटायचं.