मदत हवी आहे: वाळवंटातलं गोल्फ की समुद्रकाठचं? (सोबत बाबा आहेत)

बोगीबहाद्दर

नमस्कार मंडळी. इथे गोल्फवाले मोजकेच आहेत, पण जे आहेत ते चार ठिकाणचं पाणी प्यायलेले आहेत, म्हणून धागा काढतोय.

बाबांना घेऊन फक्त गोल्फसाठी एक मोठी सहल करायची आहे. माझा हँडिकॅप (आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) १६, त्यांचा २७. बाबा सत्तरीत आहेत. बॉल सरळ मारतात, मला लाज वाटावी इतका सरळ, पण ड्रायव्हरने (लांब मारायच्या काठीने) दीडशे यार्ड, फार तर एकशेसाठ. उजवा गुडघा कुरकुरतो. सपाट जमिनीवर अठरा होल चालतात, मग दुसऱ्या दिवशी सक्तीची विश्रांती. चढउतार असेल तर नऊ होललाच हात टेकतात.

डोक्यात दोन दिशा आहेत. एक म्हणजे वाळवंट: अ‍ॅरिझोनातला स्कॉट्सडेलचा परिसर, नाहीतर दुबई-अबू धाबी. दुसरी म्हणजे समुद्रकाठ: स्कॉटलंड, किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पेबल बीच आणि ऑरेगॉनमधलं बॅन्डन ड्यून्स. दोन्ही एकाच सहलीत कोंबायचा हट्ट नाही.

'जगातले सर्वोत्तम शंभर' छापाच्या याद्या वाचून झाल्या. कोर्स किती देखणा आहे ते त्यात असतं, दीडशे यार्ड मारणारा माणूस तिथे दिवसभर काय करेल ते नसतं. सायप्रस पॉइंट दर यादीत वरच्या पाचात, आणि सभासदाने बोलावल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत! अशा कोर्सची नावं कृपया सुचवू नका.

वाळवंटात बगी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) सहज मिळते, म्हणून माझा कल तिकडे आहे. बाबांचा जीव मात्र सेंट अँड्रूजमध्ये अडकलाय. त्यांना तिथे खेळायला मिळेल का, गुडघ्याचं काय करायचं, आणि कोणत्या महिन्यात जावं? खेळून आलेल्यांनी सांगावं.

उंटावरचा शहाणा

बगी मिळते म्हणून वाळवंट सोपं, हे आधी डोक्यातून काढा. अ‍ॅरिझोनात भूजलाच्या नियमांमुळे ऐंशीच्या दशकानंतरच्या १८ होलच्या कोर्सला साधारण ९० एकरच हिरवळ पोसता येते. म्हणून टीजवळ (जिथून होलचा पहिला फटका मारतात) थोडं गवत, पुढे फेअरवेचा कापलेल्या गवताचा पट्टा, मग ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ), आणि मधल्या जागेत नुसतं काटेरी रान. ते रान हवेतूनच पार करायचं, बॉल घरंगळत नेण्याची सोय नाही. तुम्हाला त्याची मजा वाटेल, बाबांना नवव्या होलपर्यंत वैताग येईल.

तरी तिकडेच जाणार असाल तर वी-को-पाचा सवारो कोर्स खेळा. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेला, २००६ चा. फेअरवे ऐसपैस, आजूबाजूला एकही बंगला नाही, आणि वाळवंटी कोर्स असूनही चालत खेळता येतो. ट्रून नॉर्थचा मॉन्युमेंट देखणा आहे, पण तिथे बाबांना पुढच्या टीवरूनच खेळवा. टीपीसी स्कॉट्सडेलचा १६ वा होल टीव्हीवर पाहिला असेलच. स्पर्धेच्या आठवड्यात त्याच्या भोवती चहूबाजूंनी प्रेक्षागार उभं असतं. इतर वेळी तो एक साधा पार ३ (तीन फटक्यांत संपवायचा होल) आहे, तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नका.

कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जच्या बाजूला पीजीए वेस्टचा स्टेडियम कोर्स आहे, पीट डायने १९८६ मध्ये केलेला. सोळाव्या होलच्या ग्रीनशेजारी जवळजवळ १९ फूट खोल बंकर (वाळूचा खड्डा). बाबा त्यात उतरले की गुडघ्यासकट वर कसे यायचे, हा प्रश्न बॉलपेक्षा मोठा. टाळा.

एक सांगून ठेवतो. चोया नावाचा एक निवडुंग असतो, सकाळच्या उन्हात लोकरीसारखा मऊ दिसतो. त्याचे तुकडे नुसत्या ओझरत्या स्पर्शाने पँटला चिकटतात आणि हाताने काढायला गेलं की बोटांत रुततात. बॅगेत मोठ्या दातांचा कंगवा ठेवा, तुकडा आणि कातडी यांच्यात सरकवून एका झटक्यात उडवायचा. झुडपात गेलेल्या बॉलच्या मागे तर जाऊच नका, तिथे रॅटलस्नेक असतात. बरेच कोर्स रानाला पेनल्टी एरिया धरतात. २०१९ च्या नव्या नियमांपासून तशी मुभा आहे. एक दंड घ्या, बाहेर ड्रॉप करा, पुढे चला.

दर्यावर्दी

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आणि म्हणूनच म्हणतो, बाबांचं ऐका.

तुमच्या बाबांसारख्या खेळाडूसाठीच लिंक्स (समुद्रकाठचे) कोर्स आहेत. वाळूवरची घट्ट जमीन, बारीक फेस्क्यू गवत, बॉल खाली पडला की धावतच सुटतो. दीडशेचा ड्राइव्ह कोरड्या दिवसांत एकशेऐंशीला जाऊन थांबतो. ग्रीनच्या चाळीस यार्ड अलीकडून पटर (बॉल घरंगळवायची काठी) काढला तरी कोणी भुवया उंचावत नाही, जाणकार कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) स्वतःच पटर हातात देतो. सरळ मारणाऱ्याला वाऱ्याचाही त्रास कमी. त्रास तुम्हाला होईल. हँडिकॅप १६ आणि उंच स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) असेल तर जपून. (हलके घ्या.)

सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स बऱ्यापैकी सपाट आहे. पहिल्या आणि अठराव्या होलला मिळून एकच अवाढव्य फेअरवे. सात ग्रीन जोडीने वापरली जातात, त्यामुळे ग्रीन चुकवणं अवघड. पण मग पट मारायचा तीस यार्डांचा.

आता प्रवेशाचं. एकटे नसाल तर बॅलटमध्ये (खेळायच्या वेळांच्या सोडतीत) नाव टाका. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नाव द्यायचं, त्याच दिवशी सोडत निघते. रविवारी कोर्स खेळासाठी बंद असतो, गावकरी तिथे कुत्री फिरवतात. पूर्वी पुरुषांना हँडिकॅप २४ ची मर्यादा होती, तेव्हा तुमच्या बाबांना दारातूनच परत फिरावं लागलं असतं. आता मर्यादा ३६ आहे. हँडिकॅपचं अधिकृत प्रमाणपत्र सोबत हवं, तोंडी आकडा चालत नाही.

बॅलट लागेलच असं नाही. म्हणून तिथे एक रात्र राहून नशीब आजमावणं म्हणजे खुळेपणा. चार-पाच दिवस मुक्काम ठेवा, रोज नाव टाका, नाही लागलं त्या दिवशी शेजारचा न्यू कोर्स खेळा. नावाला न्यू, आहे १८९५ चा.

बोगीबहाद्दर

दोघांचेही आभार. ३६ ची मर्यादा बाबांना वाचून दाखवली, तेव्हापासून स्वारी खुशीत आहे. पण बगी? अठरा होल चालले की दुसरा दिवस गेलाच समजा. आणि बॅन्डनबद्दल कोणीच बोललं नाही.

दर्यावर्दी

ओल्ड कोर्सवर बगी सरसकट मिळत नाही, वैद्यकीय कारण लागतं. डॉक्टरांचं पत्र घ्या आणि आधीच ईमेल करून विचारा, ऐनवेळी काउंटरवर जाऊन हुज्जत घालू नका. नाहीतर एक दिवस खेळ, एक दिवस विश्रांती, अशी आखणी करा. विश्रांतीच्या दिवशी त्यांना बाल्गोव्हवर न्या, तिथलाच नऊ होलचा छोटा कोर्स आहे.

बॅन्डनचा नियम आणखी कडक, सगळ्यांनी पायीच खेळायचं. कायमस्वरूपी अपंगत्व असेल तरच बगीची सूट. कोर्स एकाहून एक सरस आहेत. डेव्हिड मॅक्ले किडचा मूळचा बॅन्डन ड्यून्स १९९९ चा, टॉम डोकचा पॅसिफिक ड्यून्स २००१ चा, आणि २०२० चा शीप रँच, ज्यात एकही बंकर नाही आणि नऊ ग्रीन थेट समुद्राच्या कड्यावर. पण टेकाडं चढायची तयारी हवी. बाबांसाठी तिथे १३ होलचा बॅन्डन प्रिझर्व्ह आहे, सगळे पार ३. कूर-क्रेनशॉ जोडीचाच. त्यांनी तो खेळायचा, तुम्ही पॅसिफिक ड्यून्स. पण मग एकत्र सहल कसली?

निवृत्त स्लाइस

पेबल बीचबद्दल दोन शब्द. १९१९ चा कोर्स, कोणालाही खेळता येतो, फक्त खिसा जड हवा आणि रिसॉर्टमध्ये मुक्काम केला तरच आधीची वेळ नक्की मिळते. सातवा होल जेमतेम १०६ यार्ड, उतारावरचा, ग्रीनच्या तिन्ही बाजूंना पाणी. बाबा तो पारमध्ये मारू शकतात. मात्र आठव्या होलचा दुसरा फटका कड्यावरून दरीपलीकडे आहे, तिथे त्यांनी मुकाट्याने डावीकडून वळसा घालावा. बगी मिळते, पण रस्ता सोडून गवतावर नेता येत नाही. म्हणजे गुडघ्याची चाल वाचते किती हा प्रश्नच. बॉल फेअरवेच्या पलीकडच्या कडेला गेला की पाच क्लब (काठ्या) हातात घेऊन जा आणि परत या.

मी तिसरा पर्याय देतो: अबू धाबीचा यास लिंक्स. काइल फिलिप्सने २०१० मध्ये केलेला, म्हणजे ज्याने स्कॉटलंडमधला किंग्जबार्न्स केला तोच. मागे वाळवंट, समोर आखात, दोन्ही हौशी एकाच जागी फिटतात. शुद्ध लिंक्सची अपेक्षा मात्र ठेवू नका. खाऱ्या पाण्यावर टिकणारं पास्पालम गवत आहे ते, जाड आणि चिकट, त्यावर बॉल फेस्क्यूसारखा धावत नाही. दिसायला स्कॉटलंड, खेळायला थोडं वेगळं. दुबईत एमिरेट्स क्लबचा मजलिस आहे, १९८८ चा, आखाती देशांतला पहिला हिरव्या गवताचा कोर्स. त्याच क्लबच्या फाल्डो कोर्सवर दिव्यांच्या उजेडात रात्री खेळता येतं. तिथली हवा नोव्हेंबर ते मार्च उत्तम, उन्हाळ्यात चुकूनही नको.

आणि कुठेही जा, बाबांच्या टीचा हिशोब आधी करा. अमेरिकेत २०११ मध्ये 'टी इट फॉरवर्ड' (पुढच्या टीवरून खेळा) मोहीम निघाली होती. तिच्या तक्त्यात ड्राइव्ह १५० असेल तर कोर्सची लांबी ३५०० ते ३७०० यार्ड असावी, २०० असेल तर ५२०० ते ५४००. आपल्याकडची पुरुष मंडळी 'पुढची टी बायकांची' म्हणत ६००० यार्डांवर घाम गाळत बसतात, ते सोडा. कोर्सच्या संकेतस्थळावर स्कोअरकार्ड असतं, सर्वांत पुढच्या टीची लांबी बघा. ती ५००० च्या खाली नसेल तर बाबांना प्रत्येक पार ४ वर तीन फटक्यांनी ग्रीन गाठायचं आहे असं धरून चाला.

रफमधला

अवांतर: वाळवंट म्हणताय तर ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी कसं विसरलात? तिथे गवताचं पातं नाही, बॉलखाली ठेवायला कृत्रिम हिरवळीचा तुकडा खेळाडू स्वतःच घेऊन फिरतो. तेही कमी वाटलं तर नलरबोर लिंक्स आहे, २००९ मध्ये सुरू झालेला. १८ होल, पार ७२, लांबी १३६५ किलोमीटर. एक होल झाला की गाडीत बसून पुढच्या गावाला जायचं. गुडघ्याचा प्रश्नच मिटला!

बोगीबहाद्दर

रफमधले, हा प्रतिसाद बाबांना दाखवणार नाही, ते खरंच निघतील.

बाकीच्यांचं वाचून मत फिरलंय. बगीच्या मोहाने अ‍ॅरिझोना धरून बसलो होतो, पण अडचण चालण्यापेक्षा बॉल हवेतून किती उडवावा लागतो याची आहे. सेंट अँड्रूज, पाच दिवस, दिवसाआड खेळ. डॉक्टरांच्या पत्राचं बघतो. महिना कोणता? आणि अ‍ॅरिझोना माझ्या एकट्यासाठी ऑक्टोबरमध्ये ठेवला तर?

दर्यावर्दी

मे किंवा सप्टेंबर. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, पण गर्दीही तितकीच. पावसाचा सूट आणि दोन जोड हातमोजे घ्या, छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही.

उंटावरचा शहाणा

ऑक्टोबर अजिबात नको. सप्टेंबरअखेरपासून तिथे बर्म्युडा गवत सुप्तावस्थेत जायच्या बेताला येतं, म्हणून ते खरवडून त्यावर राय गवत पेरतात. कोर्स काही आठवडे बंद असतात, आणि उघडल्यावरही कोवळं गवत जपायला बगी रस्त्यावरच ठेवायला लावतात. जानेवारी ते एप्रिल भाव चढे असतात, पण कोर्स तेव्हाच रंगात असतो. नोव्हेंबरचा शेवट हा मधला मार्ग. प्रत्येक कोर्सच्या पेरणीच्या तारखा वेगळ्या असतात, बुकिंग करताना फोनवर हा एकच प्रश्न आधी विचारा.