जमिनीत वाटा घेऊन वकिलाने केस लढवावी का?

सांखळीकर: शेजारच्या काकींच्या सासऱ्यांचे भाट (माडांची बागायती जमीन) अजून वाटलेले नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याची आपल्या गोव्यातली कोर्टाची केस, लावायची आहे; एक वारस मुंबईला, एक पोर्तुगालला. वकील म्हणाले, "आता एक पैसा देऊ नका, वाटणी झाली की दहा टक्के जागा माझ्या नावे करा." स्टॅम्पपेपरसुद्धा टाइप करून आणला होता. मला हे साफ चूक वाटते. फी निकालावर ठरवू नये, मिळणाऱ्या मालात वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे. अपघाताच्या भरपाईवर टक्केवारी लावणाऱ्या वकिलाच्या प्रकरणात (बी. सुनीता, 2017) सुप्रीम कोर्टानेही तो करार बेकायदा ठरवला.

पेडणेकर: नियम ठाऊक आहे हो. पण काकींकडे रोकड कुठे आहे? जमिनीला सोन्याचा भाव आणि घरात वीजबिलाची चिंता, हे आपल्याकडे घरोघरी दिसते. वारसांच्या नवऱ्या-बायकांनाही पक्षकार करा, परदेशी नोटिसा पाठवा, हे सगळे उधारीवर कोण करील? अमेरिकेत अशी फी चालते.

म्हापशेकर (वकिली करतो): वाटा लिहून घेतला की वकील स्वतःच वारसांच्या रांगेत येऊन बसतो. समजा दीर म्हणाला, घर मला द्या, तुम्ही रोख घ्या. काकींना ते सोयीचे. पण वकिलाला प्लॉटच हवा असेल, तर तो तडजोड मोडून वारसांमधल्या लिलावापर्यंत खेचणार. मग सल्ला नक्की कोणाच्या भल्याचा? फी उशिरा घ्या, हप्त्याने घ्या. आकडा मात्र आधी ठरलेला असावा, निकालाशी बांधलेला नसावा.

पेडणेकर: आणि तारखेगणिक पैसे घेऊन केस लांबवणारे? त्यांचाही स्वार्थच ना? वाटा घेणाऱ्याला निदान लवकर संपवायची घाई असते.

म्हापशेकर: त्यांच्यावरही कारवाई व्हावी. अधिवक्ता कायद्याच्या कलम 35 खाली महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. एकाची लबाडी दुसऱ्याला परवाना देत नाही.

डिचोलीची ताई: काकी बाईमाणूस आहेत, हे कोणीच कसे लक्षात घेत नाही? 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मागता येतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

पेडणेकर: अर्ज जरूर करा. पण पॅनलवरचा वकील पोर्तुगालच्या नोटिशीमागे तितक्याच जिद्दीने लागेल, हे मला पटत नाही.

सांखळीकर: काकींना सही करू नका म्हणून सांगितले आहे. अर्ज उद्याच भरतो.