‘खाद्य’ आणि ‘जाळीदार’: दोन बोलेटसना मराठीत काय म्हणावं?

बोलेटस एड्युलिस आणि बोलेटस रेटिक्युलेटस या युरोपच्या रानातल्या अळंब्या, सख्ख्या बहिणीच. लॅटिनमध्ये एड्युलिस म्हणजे खाण्याजोगी, रेटिक्युलेटस म्हणजे जाळीची. तेव्हा ‘खाद्य बोलेटस’ आणि ‘जाळीदार बोलेटस’ ही नावं लगेच सुचतात. मला ती पटत नाहीत. खाण्याजोग्या दोघीही आहेत आणि देठावर जाळीही दोघींच्या असते. मुळात ही नावं जोडीने ठेवलेलीच नाहीत. रेटिक्युलेटस हे नाव जर्मन निसर्गअभ्यासक शेफरने १७७४ मध्ये दिलं, एड्युलिस हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बुलियारने १७८२ मध्ये.

खरा फरक जाळी कुठवर उतरते यात आहे. एड्युलिसची पांढरी, नाजूक जाळी टोपीजवळ ठळक असते आणि खाली येता येता विरते. रेटिक्युलेटसची बहुधा पार बुडाकडे पोचते. टोपीला बोट लावलं तर आणखी कळतं: एड्युलिसची ओल्या हवेत किंचित चिकट, कडेला बारीक पांढरी रेघ, रेटिक्युलेटसची कोरडी, मखमली, आणि पाऊस ओढला की तिला भेगा पडतात.

‘जाळीदार’ला दुसरीही अडचण आहे. ‘जाळी पडली’ म्हटलं की आपल्याला बारीक भोकं दिसतात. बोलेटसच्या टोपीखाली नळ्यांची तोंडं असतात, अगदी स्पंजासारखी. वाचक टोपी उलटी करून तिथेच जाळी शोधेल, आणि ही जाळी तर देठावर उठून आलेल्या रेषांची! (भूछत्र हा शब्दही मी इथे टाळेन. छत्री म्हटलं की काड्या आठवतात, आणि काही अळंब्यांना टोपीखाली काड्यांसारखे पातळ पडदे असतात तसे बोलेटसला नसतातच.)

जर्मन भाषेत हा गुंता छान सुटला आहे. एड्युलिसला ते ‘दगडी अळंबी’ अशा अर्थाचं नाव देतात, तिच्या घट्ट गरामुळे; आणि रेटिक्युलेटस ही ‘उन्हाळी दगडी अळंबी’, कारण ती आधी, मे-जूनपासूनच, ओक आणि बीचखाली उगवू लागते. नातं आणि फरक दोन्ही नावातच आले. मराठीतही मी हेच घेईन. ‘उन्हाळी’ने आपल्याला मार्च ते मे आठवतील हे खरं, पण युरोपातला उन्हाळा जूनपासून असतो एवढं एका ओळीत सांगता येतं.

आणि ‘जाळी म्हणजे खाद्य’ असं समीकरण कुठे लिहू नये ही कळकळीची विनंती. टायलोपिलस फेलियस या दुसऱ्या एका अळंबीच्या देठावरही गडद, ठसठशीत जाळी असते, आणि ती एकच अख्खं भांडं कडू करते.