मदत हवी आहे: बोटांच्या ठशांवरून 'बुद्धीचा रिपोर्ट', पालकांना कसं पटवावं?

चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. शाळेत बाहेरून आलेल्या लोकांनी डीएमआयटी चाचणी घेतली. दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि मुलाचा स्वभाव, कल, मेंदूची डावी-उजवी बाजू सगळं सांगायचं. पालकांनी कापसाच्या पैशातून फी भरली. आता एका हुशार मुलीला 'हिच्या रिपोर्टात गणित नाही' म्हणून घरचे सायन्सला घालायला तयार नाहीत. जीव तुटतो हो.

ठसे गर्भातच तयार होतात, त्यावरून बुद्धी कळते याला पुरावा नाही, मनोविकारतज्ज्ञांच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीचंही हेच म्हणणं आहे, हे सांगून झालं. फरक नाही. दोन मुलांचे रिपोर्ट शेजारी ठेवले. 'मनाने हळवा, पण वेळ आली की खंबीर' हे वाक्य दोन्हींत जसंच्या तसं. तरी एक आजी म्हणाल्या, "मना नातूनं तं बराबर निंघनं ना!"

त्यांना ते खरंच पटलंय. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना एकच मजकूर 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून दिला, तेव्हा 'हे आपल्याला किती जुळतं' याला त्या विद्यार्थ्यांनीही सरासरी ५ पैकी ४.२६ गुण दिले होते.

हाच प्रयोग पालकसभेत करायचा आहे. वेळ अर्धा तास, प्रोजेक्टर नाही, बोलणं अहिराणीत. काहींना वाचता येत नाही. फी भरलेल्यांचा अपमान होता कामा नये.

गावात असं कुणी केलंय का? शेतकरी आई-बापांना 'हे माझंच' वाटेल असा मजकूर कसा लिहिला? आणि सगळ्यांना एकच कागद दिला होता हे उघड केल्यावर लोक चिडले, तर सभा कशी सावरली?