बीएस्सीच्या पोरांना उष्ण प्रदेशातले बॅक्टेरियल आजार कसे शिकवू? (बडोदा)

प्रतापनगरची_मायक्रोताई:

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात एका कॉलेजात बीएस्सी मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला शिकवते. यंदा उष्ण प्रदेशातल्या बॅक्टेरियल इन्फेक्शन्सचं युनिट माझ्याकडे आलंय आणि तास मिळालेत फक्त बारा. आमच्या पुस्तकात कॉलरा टायफॉइडला पानंच्या पानं, स्क्रब टायफसला (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) एक तक्ता आणि मेलिऑयडोसिसला चार ओळी. मला ते तसंच वाचून दाखवायचं नाहीये.

कारण घरचंच आहे. माझे मामा बडोद्याजवळ पादरा गावाकडे शेती बघतात, डायबेटिस जुना. दोन वर्षांमागे पावसाळा संपता संपता ताप सुरू झाला, वजन उतरलं, छातीच्या एक्सरेत डाग दिसला म्हणून टीबीची औषधं चालू केली, दोन महिने झाले तरी ताप हटेना, मग सोनोग्राफीत लिव्हरमधे गळू निघालं. पू तपासायला दिला तर एका लॅबनं लिहून दिलं स्यूडोमोनास स्पीशीज, बस, पुढे काही नाही. दुसरीकडे परत कल्चर केलं, म्हणजे पुवातला जंतू प्लेटवर वाढवून बघितला, तेव्हा बर्खोल्डेरिया स्यूडोमलाय कळलं, मेलिऑयडोसिसचा जंतू तो हाच. मग शिरेतून सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक आणि नंतर कित्येक महिने कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. मामा आज शेतावर जातात, पण मधले ते दोन महिने मी विसरू शकत नाही, मी स्वतः मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि तो पहिला रिपोर्ट मीही वाचून बाजूला ठेवला होता.

तर विचारायचंय हे की हा जंतू आमच्या साध्या लॅबमधे आणता येणार नाही, तर प्रॅक्टिकलला दाखवू काय? आणि पोरांकडून करून घेण्यासारखा एखादा छोटा पण खरा प्रोजेक्ट सुचवा.

दांडियाबाजारचे_काका:

ताई, मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमधे बेंचवर काम केलं, आता रिटायर. तुमच्या मामांचा रिपोर्ट का चुकला ते मला कळतंय म्हणून लिहितो.

आपल्याकडे प्लेट दुसऱ्या दिवशी सकाळी बघायची, जे उगवलं त्याचं नाव लिहायचं आणि प्लेट ऑटोक्लेव्हला टाकायची अशी सवय. हा जंतू पहिल्या दिवशी अगदी साधा दिसतो, बारीक गुळगुळीत कॉलनी, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह, मग हात आपोआप स्यूडोमोनास लिहितो. तीच प्लेट झाकून, सील करून तीन चार दिवस ठेवली तर कॉलनी कोरडी पडते आणि तिच्यावर सुरकुत्या येतात, वाळलेल्या पापडासारख्या. ग्रॅम स्टेनमधे दांड्याची दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग रिकामा, म्हणून सेफ्टी पिन म्हणतात.

पण मुख्य गोष्ट अँटिबायोग्रामची, म्हणजे जंतू कुठल्या अँटिबायोटिकला मरतो त्या तक्त्याची. साधा स्यूडोमोनास एरुजिनोसा ऑगमेंटिनला दाद देत नाही पण कोलिस्टिनला सहसा मरतो. हा बरोब्बर उलटा, जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला रेझिस्टंट आणि ऑगमेंटिनला सेन्सिटिव्ह. हा उलटेपणा पोरांच्या डोक्यात बसला की अर्धं काम झालं. मशीनवर आंधळा भरवसा ठेवू नका म्हणावं, मशीन कधी कधी ह्यालाच बर्खोल्डेरिया सेपेशिया सांगतं.

आणि एक कळकळीनं सांगतो. आमच्या वेळी प्लेटचा वास घेऊन जंतू ओळखायची पद्धत होती, द्राक्षासारखा वास आला की स्यूडोमोनास. मीही घ्यायचो. हा जंतू श्वासातून आत जातो, संशय आला की प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटबाहेर (जंतू हवेत पसरू न देणारी पेटी) उघडायचीच नाही. पहिल्या प्रॅक्टिकलला हेच शिकवा, बाकी सगळं नंतर.

कारेलीबाग_फिजिशियन:

काकांशी पूर्ण सहमत. मी पेशंटच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण हेच विद्यार्थी उद्या लॅबमधे बसणार आणि आमचा फोन घेणार.

पावसाळ्यात माझ्याकडे तापाचे पेशंट हातात विडालचा, म्हणजे टायफॉइडच्या रक्ततपासणीचा, कागद घेऊनच येतात. ही टेस्ट १८९६ ची आहे. आपल्या भागात कधीतरी टायफॉइड होऊन गेलेले लोक भरपूर, त्यामुळे एकदा केलेल्या विडालवर टायफॉइड ठरवू नये, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर घ्यावं. पण होतं काय की विडाल पॉझिटिव्ह दिसली की पुढचा विचारच थांबतो आणि मागे स्क्रब टायफस असला तर तो तसाच राहतो. स्क्रबमधे सेफ्ट्रिॲक्सोन कितीही दिवस द्या, उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिन दिलं की बहुतेकांचा ताप दोन दिवसात उतरतो. खूण असते सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, दुखत नाही म्हणून पेशंट स्वतःहून सांगत नाही, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली शोधावी लागते. प्रत्येकाला असतेच असंही नाही.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, तर आपल्या दाराशीच आहे. सुरत, नवसारी, वलसाडकडे भात आणि ऊसाच्या शेतात राबणाऱ्यांना पावसाळ्यात होतो, उंदराच्या लघवीनं दूषित झालेलं पाणी पायाच्या चिरांतून आत जातं. २०२४ च्या ऑगस्टमधे बडोद्यात विश्वामित्री नदी घराघरात शिरली तेव्हा मी येणाऱ्या प्रत्येक तापाच्या पेशंटला विचारत होतो, पाण्यात किती वेळ उभे होतात, पायाला जखम होती का. पोरांना गंमत वाटेल, लेप्टोस्पायरा इंटरोगन्समधलं इंटरोगन्स हे नाव त्या जंतूच्या प्रश्नचिन्हासारख्या आकारावरून पडलंय.

फतेगंज_रिसर्च:

ताई, मी पीएचडी करतेय, प्रोजेक्टचं मी सांगते. मातीतून हा मेलिऑयडोसिसचा जंतू काढायचा विचार पोरांच्या डोक्यात येणारच, तो अजिबात करू देऊ नका, त्याला बीएसएल ३, म्हणजे वरच्या सुरक्षा पातळीची लॅब लागते. त्याऐवजी जुने कागद वाचायला लावा. एखाद्या हॉस्पिटलशी बोला, एथिक्स कमिटीची परवानगी घ्या आणि नावं काढून टाकलेले मागच्या काही वर्षांचे पू आणि रक्ताचे कल्चर रिपोर्ट मागा. त्यातून नुसतं स्यूडोमोनास स्पीशीज लिहिलेले वेगळे काढायचे, मग त्यातले काकांनी सांगितलं तसे कोलिस्टिन जेंटाला रेझिस्टंट पण ऑगमेंटिनला सेन्सिटिव्ह किती, त्यातल्या किती जणांना डायबेटिस होता, महिना कोणता होता. एवढ्यानं निदान पक्कं होत नाही हे पोरांना स्पष्ट सांगायचं, पण कुठल्या रिपोर्टकडे पुन्हा बघायला हवं होतं ते कळतं. खर्च जवळजवळ शून्य.

आणि मेलिऑयडोसिसचा इतिहास सांगताना नुसतं व्हिटमोर व्हिटमोर (तो शोधणारा डॉक्टर) करू नका. १९११ मधे रंगूनला मॉर्फिनची सुई घेणाऱ्या गरीब लोकांची पोस्टमॉर्टेम करताना हा आजार सापडला, आणि १९१२ च्या पेपरवर व्हिटमोरबरोबर कृष्णस्वामींचंही नाव आहे. तसंच कोलकात्याचे शंभुनाथ डे, सशाचं आतडं दोऱ्यानं बांधून, जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी आत सोडलं आणि १९५९ मधे दाखवून दिलं की कॉलऱ्याचे जुलाब त्या विषानं होतात. आमच्या कॉलेजात काय होणार असं म्हणणाऱ्या पोरांना हे ऐकवा.

प्रतापनगरची_मायक्रोताई:

काका, डॉक्टर, फतेगंजवाली ताई, मनापासून आभार. पहिला तास मामांच्या त्या रिपोर्टनं सुरू करते, नाव झाकून फळ्यावर लावते आणि विचारते, ह्यात काय खटकतंय? त्यात कोलिस्टिन रेझिस्टंट आणि ऑगमेंटिन सेन्सिटिव्ह छापलेलंच आहे, आज परत काढून बघितलं. एथिक्सच्या अर्जाचंही सोमवारी प्राचार्यांशी बोलते.

काका, सुरकुतलेल्या कॉलनीचे तुमच्याकडे जुने फोटो असतील तर पाठवाल का, पहिल्या दिवसाचा आणि चौथ्या दिवसाचा शेजारी शेजारी ठेवून दाखवायचेत.

दांडियाबाजारचे_काका:

आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे, तिन्ही एकाच प्लेटचे. रात्री शोधून टाकतो.