हॉटेल व्यवस्थापन की पर्यटन व्यवस्थापन? मुलीला खान्देशातच काम करायचे आहे

चोपडेकर:
नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला पर्यटन क्षेत्रात शिकायचे आहे. नातेवाइकांच्या मते हे शिक्षण म्हणजे पैसे भरून वेटर होणे. हॉटेल व्यवस्थापन आणि पर्यटन व्यवस्थापन यांत फरक काय, आणि शिकून ती जळगाव-धुळे-नंदुरबारकडे परतू शकेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भुसावळ_जंक्शन:
भाऊ, नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. हॉटेल व्यवस्थापनात फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस हे चारही विभाग हाताने करून शिकावे लागतात. ट्रे उचलावा लागतो आणि पलंगपोसाचे कोपरेही दुमडावे लागतात. त्याची लाज वाटणाऱ्याने या वाटेला न गेलेले बरे.

पर्यटन व्यवस्थापनाचा विषय हॉटेलच्या दाराबाहेर सुरू होतो. अजिंठ्याचेच पाहा. फर्दापूर फाट्यावर खासगी गाड्या थांबवून पर्यटकांना पुढे बसने नेतात, चित्रे असलेल्या लेण्यांत उजेड मंद ठेवतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत, कारण धूर, गर्दी आणि प्रकाश यांनी भित्तिचित्रांची हानी होते. एखादे ठिकाण किती माणसे सोसू शकते, याचा हा विचार अभ्यासक्रमाचा गाभा आहे. लेणी शेजारच्या जिल्ह्यात असली तरी जळगाव स्थानकापासून ती साधारण ६० किलोमीटरवरच आहेत. मात्र जळगावला उतरून लेणी पाहायला गेलेले अनेक पाहुणे संध्याकाळची गाडी पकडून निघून जातात. त्यांना आणखी एक रात्र कशासाठी थांबवायचे, हा खान्देशापुरता खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्या माणसाला येथे काम आहे.

यावलकर शेतकरी:
वरील मताशी सहमत आहे. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, तेव्हापासून आमच्या भागातही शेतावर पाहुणे ठेवण्याचा विचार सुरू आहे. पण हिशेब कोणी शिकलेले नसते. तुरकाठ्यांवर वांगी भाजून, साले काढून उरलेला गर तोलला, की किलोमागे केवढी घट येते ते कळते, आणि भरीत-कळण्याच्या भाकरीच्या ताटाचा दर त्यावरून ठरवायचा असतो. आम्ही शेजारच्या ढाब्याचा दर पाहून आपला लावतो! शिवाय सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीच्या सुमारास भरते, तोरणमाळ पावसाळ्यात फुलते आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडच्या उन्हात कोणी फिरकत नाही. खोल्या रिकाम्या राहिल्या तरी पगार द्यावेच लागतात, त्यामुळे हंगामाचे गणित येणारी मुलगी कोणालाही हवी असेल.

पाटणादेवी_वाट:
प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. केंद्रीय हॉटेल व्यवस्थापन संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही परीक्षा असून तिला कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी बसू शकतो, फक्त इंग्रजी विषय असावा लागतो. राज्यातील बीएचएमसीटी या हॉटेल व्यवस्थापनाच्या चार वर्षांच्या पदवीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा वेगळी असते. पर्यटनासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील आयआयटीटीएम ही संस्था ग्वाल्हेरला असून तिचे एक केंद्र गोव्यातही आहे. घरी राहून शिकायचे असल्यास इग्नूचे पर्यटनाचे अभ्यासक्रम आहेत.

एक सावधगिरी बाळगा. काही खासगी महाविद्यालये प्रशिक्षणाच्या नावाखाली मुलांना महिनोन्‌महिने लग्नाच्या पंगतींत राबवतात, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण कोठे मिळाले आणि विद्यावेतन किती होते, हे त्यांनाच गाठून विचारा. मुलीला इतिहासाची गोडी आहे का? चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात गणितज्ञ भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख आहे, पण ते पर्यटकाला नीट समजावून सांगणारा माणूस तेथे क्वचितच भेटतो.

चोपडेकर:
सर्वांचे आभार. तिचा इतिहास विषय होता आणि स्वयंपाकघरापेक्षा माणसांत तिचे मन अधिक रमते, त्यामुळे पर्यटनाकडेच कल ठेवतो. अर्ज करण्यापूर्वी तिला अजिंठ्याला नेऊन तेथील मार्गदर्शकांशी बोलू देण्याचा विचार आहे.

भुसावळ_जंक्शन:
अवश्य न्या, फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.