भुईमुगाच्या शेंगांची फोलं: कुंड्यांवर पसरू की खत करू? (सांगली)

कृष्णाकाठची
नमस्कार. माहेरहून, आटपाडीकडून, दरवर्षी वाळलेल्या शेंगा येतात. यंदा आई राहायला आली होती, दोघींनी दुपारी बसून सगळ्या फोडल्या. दाणे डब्यात गेले आणि तीन पोती फोलं उरली. आई म्हणते बंबात घाल, पण आमच्याकडे आता बंब नाही. घंटागाडीत टाकवत नाही.
विश्रामबागला गच्चीवर २२ कुंड्या आहेत: टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब, मोगरा. मागे परड्यात पेरू, शेवगा, कढीपत्ता. सकाळी घातलेलं पाणी चारपर्यंत उडून जातं, परड्यातल्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्यात. फोलं तशीच पसरावी की कुजवावी? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. खर्च ५०० रुपयांच्या आत बसवायचा आहे.

मिरजेची गच्ची
तशीच पसरू नका ताई. मी मागच्या एप्रिलमध्ये पसरली होती. वळवाच्या आधी जे वारं सुटतं, त्यात निम्मी शेजाऱ्यांच्या टाकीवर गेली आणि निम्मी पावसाच्या पाइपात जाऊन बसली. पहिल्या पावसाला गच्चीवर घोटाभर पाणी. पाइप कापून काढावा लागला. त्यापेक्षा शेडनेट करा. मी लोखंडी सांगाड्यासकट करून घेतली, नऊ हजार लागले, पण आता मोगरा बघायला लोक वर येतात.

विट्याचा
पसरायच्या आधी पाखडून घ्या, एवढंच सांगतो. आम्ही पाखडली नव्हती. फुटके दाणे, पोचट शेंगा तशाच राहिल्या. चौथ्या रात्री घूस आली. सकाळी बघतोय तर वांग्याची सहा रोपं मुळासकट बाहेर, आणि फोलांच्या ढिगात एक एक दाणा निवडून खाल्लेला. सुपात घेऊन दोनदा पाखडा, जड ते खाली राहतं.

यंत्रवाला
फोलं अख्खी कुजायला फार वेळ घेतात. बारीक केली तर काम निम्म्यावर येतं. मी दोन एचपीचं श्रेडर घेतलं, १८ हजारांना. नारळाच्या झावळ्या, पेरूच्या फांद्या, फोलं, सगळं जातं त्यात. घेतल्याचा एक दिवस पश्चात्ताप झाला नाही.

कृष्णाकाठची
दादा, ५०० रुपये म्हटलं होतं मी. पाखडायचं मात्र लक्षात आलं नव्हतं, आजच सूप काढते.

पलूसची माती
यंत्र नको, समजून करा. फोलात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. शिवाय लाकडासारखा चिवट भाग असतो, म्हणून ती लवकर कुजत नाहीत. मातीत मिसळलीत तर कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, रोप उपाशी राहतं आणि खालची पानं आधी पिवळी पडतात. नुसती वर पसरलीत तर हा त्रास वरच्या पातळ थरापुरताच राहतो. म्हणून कच्ची फोलं मिसळायची नाहीत, हा नियम धरा.
खत करायचं तर ढिगात कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं लागतं. त्यासाठी हिरवा पाला, भाजीची देठं, शेण घाला. आणि आधी भिजवा. फोलं पाण्यात टाकली की सगळी वर येऊन तरंगतात, वरून फळी आणि दगड ठेवावा लागतो. दोन दिवसांनी काढून हातात चुरगाळा, कडकड वाजायची थांबली की भिजली. तोवर शेणकाला वरून ओतून उपयोग नाही, तो नुसता खाली गळून जातो.

इस्लामपूरकर
मूठभर युरिया टाका की. शेण शोधत कुठं फिरणार शहरात? आम्ही उसाचं पाचट असंच कुजवतो, एका हंगामात मऊ पडतं.

नैसर्गिक तासगाव
घरच्या भाजीला युरिया कशाला? जिवामृत करा. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सांगलीत राहून गुळाला काय तोटा?

इस्लामपूरकर
२२ कुंड्यांना २०० लिटर? आणि युरिया ढिगात पडला की जिवाणूच खातात तो, वांग्यात जात नाही. वीस वर्षं शेती करतोय.

नैसर्गिक तासगाव
प्रमाण दहाव्या हिश्शावर आणता येतं. मीही द्राक्षबाग सांभाळतो, मला शेती शिकवू नका.

भडंगप्रेमी
माझ्याकडे रोज संध्याकाळी गाड्यावरच्या खाऱ्या शेंगांची फोलं साठतात. ती घातली तर चालतील का?

पलूसची माती
नाही. मिठाच्या पाण्यातून काढलेल्या शेंगा असतात त्या. कुंडीत मीठ साठत जातं, पानांच्या कडा करपतात.

मिरजेची गच्ची
मी घातली होती खारी, काही झालं नाही.

पलूसची माती
एकदा घालून कळत नाही. कुंडीतून मीठ जाणार कुठं?

बहीण सावंतवाडीची
विषय फोलांचा आहे म्हणून लिहिते. कुणी काजूच्या टरफलांचं असं करायला जाऊ नका. बहिणीनं कारखान्यातून पोतंभर दिली होती, मी हातानं फोडून कुंड्यांत घातली. त्यात जे काळं तेल असतं त्यानं बोटांची कातडी सोलून निघाली. पंधरा दिवस भाकरी थापता आली नाही.

यंत्रवाला
काजूची श्रेडरमध्येही घालू नका, पाती चिकट होतात. भुईमुगाची मात्र एकदम पिठासारखी.

जत रोड
आधी पाखडून घ्या, नाहीतर उंदीर येतात.
दुसरं म्हणजे, ज्या रानातल्या शेंगा आहेत तिथं भुईमुगाला खोडकूज होती का ते माहेरी विचारा. खोडाशी पांढऱ्या धाग्यांचं जाळं आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ते दाणे फोलांबरोबर येतात आणि मातीत बरीच वर्षं जिवंत राहतात. ही बुरशी टोमॅटो आणि मिरचीलाही धरते. माझी मिरचीची १४ झाडं अशीच बसली: सकाळी ताठ, दुपारी माना टाकलेली, तिसऱ्या दिवशी हातानं उपटून आली. फोलांवर नुसती पांढरी बुरशी आली तर घाबरू नका, ती कुजवणारी असते. दाणे दिसले तर मात्र सगळं जाळून टाका. आणि काळी-हिरवी बुरशी धरलेली फोलं असतील तर नाकाला फडकं बांधल्याशिवाय हलवू नका.

आटपाडीचीच मी
ताई, माहेरी गोठा असेल तर पोती परत पाठवा. आम्ही फोलं म्हशीखाली पसरतो. मूत शोषून घेतात, म्हैस कोरड्यात बसते, आणि सकाळी शेणासकट उकिरड्यात जातात. भिजवायला नको, युरियाचं भांडण नको. पावसाळा संपेपर्यंत काळंभोर खत होतं.

इस्लामपूरकर
हे बरोबर आहे. पण आटपाडीला पाठवायचं भाडं ५०० च्या वर जाईल.

विट्याचा
सगळ्यांचं ऐकून माझंही मत तेच: परड्यात खड्डा काढा, पाला आणि शेण घाला, दिवाळीपर्यंत थांबा. आणि पाखडून घ्या.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला फोन केला. रानात खोडकूज नव्हती म्हणतो, तरी टोमॅटो-मिरचीला फोलं लावली नाहीत.
बहुतेकांनी खत करा म्हणून सांगितलं, पण ऊन आत्ता आहे आणि खत दिवाळीला होणार. तोवर मोगरा राहणार नाही. म्हणून मी पसरलीच. दोनदा पाखडून, बादलीत फळीखाली दोन दिवस भिजवून, दोन इंचांचा थर दिला. खोडाभोवती तीन बोटं जागा मोकळी सोडली. वाऱ्यासाठी आईचं जुनं सुती पातळ फाडून तुकडे केले आणि प्रत्येक कुंडीच्या काठाला सुतळीनं बांधले. पाणी वरूनच घालते, कापडातून झिरपतं. खर्च ६० रुपये, सुतळीचा. पेरूच्या आळ्यात तीन इंच घातलीत, वर चार विटा ठेवल्या.

मिरजेची गच्ची
कापड उन्हानं दोन महिन्यांत विरेल.

कृष्णाकाठची
विरू दे, तोवर पाऊस येतो.
आज आठवा दिवस. काल चार वाजता मोगऱ्याच्या कुंडीवरचं पातळ उचलून फोलं बाजूला केली आणि बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गार ओल होती. शेजारची टोमॅटोची कुंडी, जिला फोलं नाहीत, तिची माती काठापासून सुटून आली होती. एका कुंडीत लाल मुंग्या दिसल्या, तिथलं काढून उन्हात टाकलं.
तिसरं पोतं अजून तसंच आहे, पाखडलेलं. विश्रामबागच्या आसपास कुणाच्या घरी गाय-म्हैस असेल तर इथं लिहा, घेऊन जा.

यंत्रवाला
मी नेतो ताई. बारीक करून निम्मं तुम्हाला परत आणून देईन.

कृष्णाकाठची
या दादा. रविवारी सकाळी या, ऊन व्हायच्या आत.